दहा मिनिटं पुढे

पाऊस गेला की आमच्या भाईंदरला ऊन चावायला लागतं. उन्हाळ्याचं ऊन बरं, ते सांगून येतं. नवरात्राच्या आसपासचं हे ऊन खाडीच्या ओल्या चिखलावरून उठतं आणि खिडकीतून आत येऊन मानेला चिकटतं. गच्चीवर अनवाणी उभं राहवत नाही. दोरीवरचे कपडे दोन तासांत पापडासारखे कडक होतात, अंगावरचे मात्र ओलेच. लोक म्हणतात, दिवाळी जवळ आली, कसं प्रसन्न वाटतंय. मला या दिवसांत कधी प्रसन्न वाटलेलं नाही.

मी लहान होते तेव्हा याच दिवसांत मिठागरं पुन्हा सुरू व्हायची. पावसाचं गोडं पाणी काढून टाकायचं, वाफ्यांतला गाळ उपसायचा आणि तळ पायांनी तुडवून तुडवून दगडासारखा करायचा. तळ घट्ट नसेल तर मिठात माती येते. चौथीत असताना सहामाही परीक्षा झाली आणि आईने मला वाफ्यात उभं केलं. दिवाळीची सुट्टी संपली, शाळा सुरू झाली, मी वाफ्यातच. टाचांना भेगा पडल्या, त्यांत मीठ गेलं. मी रडायला लागले तर आई तुडवता तुडवता म्हणाली, "रडू नको गो. खारं पानी हितं लय हाय, तुजं नको." तिला मी वाईट म्हणत नाही. तिचेही पाय तसेच होते. पण तिच्याकडून मी जे शिकले ते शाळेत शिकवत नाहीत. माणसाला दुखत असलं तरी आपलं काम थांबवायचं नाही.

यंदा हे ऊन आलं आणि गेल्या वर्षीचे दिवस जसेच्या तसे समोर आले. गेल्या वर्षी या दिवसांत मी माझ्या नवऱ्याला फसवलं. ते कसं, ते सांगते.

आमचे हे तार ऑफिसात होते. माझ्या काकांच्या खोलीत भाड्याने राहायला आले आणि जावई झाले. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचं लायसन्स घेतलं. हौशी म्हणजे पगार नाही, गाणी नाहीत, बातम्या नाहीत. आपल्या घरात मशीन ठेवायचं, गच्चीवर लांब वायर ताणायची आणि जगातल्या दुसऱ्या अशाच माणसाशी बोलायचं. काय बोलायचं, तर तुझा आवाज मला किती चांगला येतोय आणि माझा तुला किती चांगला येतोय. पंचेचाळीस वर्षं हे आमच्या नवघरच्या घरात चाललं. आतल्या खोलीतून मला ऐकू यायचं. जपानच्या माणसाशी, रशियाच्या माणसाशी, केरळच्या कुठल्या मास्तरशी हे इतकं गोड बोलायचे की मी भाजी फोडणीला टाकायची थांबायची. थँक यू काय, प्लीज काय, तुमची तब्येत कशी आहे काय. माझ्याशी बोलताना यांचं वाक्य तीन शब्दांच्या पुढे गेलं नाही. पाणी दे. मीठ जास्त. थांब जरा. थांब जरा हे हाताने.

मग घशात गाठ झाली. सिगरेटी ओढत बोलायचे, दुसरं काय होणार. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याला भोक पडलं, त्यातून श्वास घ्यायचा. आवाज गेला तो गेलाच. नातेवाईक येऊन माझा हात धरून रडले. मीही पदर डोळ्यांना लावला, लावायचा असतो. खरं सांगायचं तर घर शांत झालं आणि मला बरं वाटलं.

मी त्यांना दुकानातून दगडी पाटी आणून दिली. ते पाटीवर लिहायचे, मी वाचून लोकांना सांगायची. भराभर लिहायचे, जोडून जोडून, तारेच्या फॉर्मवर लिहायची सवय. मी म्हणायची, "मोठं आणि सुटं लिहा. मी चौथी शिकलेय." मग ते पुसून पुन्हा लिहायचे, घाम पुशीत. डॉक्टरांनी विचारलं, दुखतं का, तर यांनी पाटी भरून लिहिलं, गिळताना कानापर्यंत कळ जाते, कूस बदलली की श्वास अडतो. मी पाटी बघितली आणि डॉक्टरांना म्हणाले, "थोडं दुखतं म्हणतात." एवढं मोठं कोण वाचून दाखवणार. भाजीवाला, दूधवाला, बँक, सगळ्यांशी मीच बोलायची. यांचा मोबाइल मी मुलाला परत देऊन टाकला. मुक्या माणसाला फोन कशाला.

वर्षभर मशीनवर धूळ बसली. मग मीरा रोडचा कुरियन आला. तोही असाच हौशी रेडिओवाला, बँकेत आहे, मूळचा केरळचा, पण मराठी आपल्यासारखं बोलतो. यांना सर म्हणतो. कुरियन म्हणाला, "सर, आता आवाजाची गरजच नाही. कॉम्प्युटर बोलतो. फक्त लॅपटॉप पाहिजे." यांनी पाटी घेतली आणि इतक्या जोरात हो लिहिलं की पेन्सिल मोडली.

मुलगा-सून ठाण्याला असतात. सुनेच्या ऑफिसने विकायला काढलेला एक जुना लॅपटॉप तिने आणून दिला. त्याचं बिजागर गेलेलं, मागे पाटा-वरवंट्यातला वरवंटा टेकवला की पडदा उभा राहायचा. कुरियन दोन रविवार आला. मशीन आणि लॅपटॉप यांच्यामध्ये काड्यापेटीएवढा डबा लावला, त्याला वायरी जोडल्या. इंटरनेटसाठी छोटं यंत्र खिडकीत ठेवलं. मग पडदा निळा झाला आणि त्यावरून पिवळ्या रेघा खाली ओघळायला लागल्या. त्याला ते लोक धबधबा म्हणतात. एकेक रेघ म्हणजे जगात कुठेतरी कोणीतरी बोलतंय. कानाला तो आवाज पेटीची एकच पट्टी कुणी दाबून धरावी तसा. पंधरा सेकंद बोलायचं, पंधरा सेकंद ऐकायचं, सगळ्या जगाने एकाच ठोक्याला. लॅपटॉप त्या पेटीच्या आवाजातून शब्द काढून पडद्यावर लिहितो. शब्द तरी किती. माझी खूण ही, माझं ठिकाण हे, तुझा आवाज इतका, नमस्कार. संपलं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच भाभी. पण अर्जेंटिनापर्यंत जातं."

"आमच्या घरात एवढंच बोलतात. ते स्वयंपाकघरापर्यंत जात नाही."

कुरियन हसला. हे हसले नाहीत, ते डबा बघत होते. मी चहा आणला. कुरियनने घोट घेतला आणि यांना म्हणाला, "सर, तुमची एक्सवायएल चहा झकास करते."

हा शब्द मी भिंतीआडून पंचेचाळीस वर्षं ऐकला होता. यांच्या इंग्रजी बोलण्यात मध्येच यायचा आणि पलीकडचा माणूस हसायचा. मला वाटायचं, मशीनचा एखादा पार्ट असेल, सारखा बिघडणारा.

"एक्सवायएल म्हणजे काय?" मी विचारलं.

"अरे, सरांनी सांगितलं नाही? वायएल म्हणजे यंग लेडी. रेडिओवर कुठलीही बाई आली की तिला वायएल म्हणायचं, नव्वद वर्षांची असली तरी. आणि आपली बायको म्हणजे एक्स-वायएल."

"एक्स म्हणजे?"

"एक्स म्हणजे... माजी." आता तो जरा अडखळला. "जोक आहे भाभी. सगळ्या जगात म्हणतात."

माजी नगरसेवक असतो, माजी आमदार असतो. यांना लायसन्स मिळालं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. एकविसाव्या वर्षी मी माजी तरुणी झाले, हे जपानला कळलं, रशियाला कळलं, केरळच्या मास्तरला कळलं. मला त्या दिवशी कळलं. मी यांच्याकडे पाहिलं. ते वायरीचं टोक सोलत होते. कप उचलून मी आत गेले.

कुरियन दुसऱ्याच दिवशी गावाला गेला, आई आजारी होती म्हणून, महिन्याभरासाठी. जाताना सगळं चालू करून गेला होता. फक्त उत्तर यायचं बाकी होतं.

आमच्या घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे असतात. लग्नानंतर हे ऑफिसला रोज उशिरा निघायचे आणि साहेबाचा राग माझ्यावर काढायचे. एक दिवस मी कुणाला न सांगता भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं. यांना वर्षभर कळलं नाही. कळलं तेव्हा म्हणाले, राहू दे. तेव्हापासून ते तसंच. माझा मोबाइलसुद्धा मी सुनेकडून शिकून दहा मिनिटं पुढे करून घेतलाय. फक्त यांच्या रेडिओच्या टेबलावर एक छोटं घड्याळ असायचं, ते अचूक. त्याला हात लावायची मला बंदी होती. यांच्या आजारपणात त्याचा सेल संपला. मी नवा घातला, भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवलं आणि पुसून जागेवर ठेवलं. ते यांना सांगायचं राहिलं.

कुरियन गेला त्या दिवशी दुपारी हे झोपले होते. मी टेबल झाडत होते. लॅपटॉपच्या कोपऱ्यात वेळ दिसत होती, दहा मिनिटं मागे. सगळं घर एका वेळेला आणि हा पाहुणा दुसऱ्या. मोबाइलवर जसं केलं होतं तसंच बोट दाबत गेले. उजवीकडचं बटण डावीकडे सरकवलं, वेळ विचारणारी खिडकी आली, मी वेळ भरली. घराला घरासारखं केलं. यात माझा काहीच वाईट हेतू नव्हता. तोपर्यंत नव्हता.

त्या दिवसापासून पडदा मुका झाला. पिवळ्या रेघा ओघळायच्या, पेटी वाजायची, पण एक अक्षर उमटेना. हे हाक घालायचे, पंधरा सेकंद, मग वाट बघायचे, पंधरा सेकंद. पुन्हा हाक. एका बैठकीला दोनशे हाका व्हायच्या. अंगावर बनियन, गळ्याच्या भोकावर ओलं फडकं, पंखा बंद, कारण पंख्याने मशीनमध्ये खरखर येते. समोरच्या मैदानात गरब्याच्या लाइटांची तपासणी सुरू झाली की पडद्यावर पांढरा चिखल व्हायचा. तेवढ्यात हे पाणी पिऊन घ्यायचे. भोकातून श्वास शिट्टीसारखा वाजायचा. यांनी सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या. डबा उघडून बघितला. लॅपटॉपची वेळ टेबलावरच्या घड्याळाशी ताडून बघितली. दोन्ही जुळत होत्या.

अशात सोसायटीचा सेक्रेटरी आला. आमची इमारत जुनी, पावसात वरच्या मजल्याला गळते. गच्चीला वॉटरप्रूफिंग करायचं ठरलं होतं.

"काका, वो आपका वायर निकालना पडेगा," तो म्हणाला. "खंबे के नीचे से ही पानी जाता है."

यांनी पाटीवर लिहिलं, मी वाचलं. "चालू है बोल रहे हैं."

"चालू है तो ठीक है, बाजू से काम करवा लूँगा. लेकिन एक साल से बंद पडा है ना. ठेकेदार बोलता है, बंद चीज के लिए मैं क्यूँ सँभाल के काम करूँ." त्याने यांच्याकडे नीट पाहिलं. वाईट माणूस नव्हता. "अगले शनिवार को आता हूँ. मेरे को चालू दिखाओ, मैं नहीं निकालूँगा. मेरा वादा."

शनिवारला दहा दिवस होते. यांना एक उत्तर हवं होतं. कुणाचंही, कुठूनही. पडद्यावर कुणीतरी यांचं नाव घेतलेलं दिसलं की वायर राहणार होती. ती एकदा उतरली की या वयात, चार जिने चढून, गळ्याला भोक पडलेला माणूस ती परत ताणणार नव्हता. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही.

दोन दिवसांनी, गुरुवारी नव्हे शुक्रवारी, सकाळी कुरियनचा फोन आला. फोन माझ्याच मोबाइलवर यायचा. हे शेजारी खुर्चीत होते.

"भाभी, काही मिळालं का सरांना?"

"नाही. नुसत्या रेघा."

"रेघा दिसतात आणि अक्षर नाही? मग एकच गोष्ट. घड्याळ. ते एक-दोन सेकंद जरी हललं ना, तरी काही येणार नाही. ते इंटरनेटवरून आपोआप वेळ घेतं, कुणी हात लावला नसेल तर. घड्याळ बरोबर आहे ना?"

मला तेव्हा कळलं. कढईत मोहरी तडतडावी तसं एकदम कळलं. लॅपटॉप हातभर अंतरावर होता. हे माझ्या तोंडाकडे बघत होते, फडक्यावर हात ठेवून.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"नक्की? एक फोटो पाठवाल का पडद्याचा?"

"मला फोटो पाठवता येत नाही."

नातवंडांना मी रोज मोदकाचे, फुलांचे, आजारी मांजराचे फोटो पाठवते.

का बोलले, याचा मी वर्षभर विचार केलाय. एक्सवायएल म्हणाले म्हणून, असं म्हणता येईल. पण ते पुरेसं नाही. पंचेचाळीस वर्षं जगाचा आवाज यांच्याकडे जायचा आणि मी फोडणी थांबवून ऐकायची. आता जगाचा आवाज यांच्याकडे जाण्याआधी माझ्या हातातून जात होता. माणसाच्या हातात एवढं आलं की तो मूठ मिटून बघतो. मी मिटली.

त्यानंतरचे आठ दिवस मी मजेत होते, हे लपवत नाही. सकाळी कामं उरकली की निवडायची भाजी घेऊन मी यांच्या समोर बसायची. बाहेर ते पांढरं ऊन, खाडीवरून येणारा कुजक्या शेवाळाचा वास, गरब्याच्या मांडवाचे बांबू ठोकल्याचे आवाज. हे हाक घालायचे आणि थांबायचे. घालायचे आणि थांबायचे. मी गवारीच्या शिरा काढायची. एकदा मशीनमधून नुसतीच टक टक टक यायला लागली, सेकंदाला एक, सुईसारखी. बराच वेळ चालली. मला वाटलं, आता मशीनही गेलं. "बिघडलं का हो?" मी विचारलं. यांनी मान हलवली आणि पुन्हा पेटीच्या आवाजावर आले. नंतर तर ते हाक घालताना पडद्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघायला लागले. मी म्हटलं, थकले.

शुक्रवारी संध्याकाळी बहीण आली होती, गावातली, माझ्याहून धाकटी. यांना तसं बसलेलं बघून ती बाहेर येऊन मला म्हणाली, "आक्का, येड लागलाय काय भावजींना?"

"पहिल्यापासून आहे," मी म्हणाले.

"तुला कसं काय वाटत न्हाय गो?"

तिला मी भाकरी बांधून दिली आणि जिन्यापर्यंत सोडायला गेले.

शनिवारी अकरा वाजता सेक्रेटरी आला, ठेकेदाराला घेऊन. दोघे चपला काढून आत आले, हे बरं केलं. हे इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मांडीवर पाटी. वरवंटा टेकवून पडदा उभा केलेला.

"दिखाओ काका."

यांनी बटण दाबलं. पेटी वाजली, पंधरा सेकंद. मग पडदा ओघळत राहिला. सेक्रेटरी वाकून बघत होता. ठेकेदार मोबाइल बघत होता. पुन्हा बटण, पुन्हा पंधरा सेकंद. अशा दहा-बारा खेपा झाल्या. सेक्रेटरीने कपाळ पुसलं.

"काका, ये तो खाली पट्टी है. इसमें आप कहाँ हो?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. सेक्रेटरीकडे नाही, पडद्याकडे नाही, माझ्याकडे. बराच वेळ. तोंड उघडलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. ते बटण डावीकडून उजवीकडे सरकवायचं. मला जागा माहीत होती, बोटसुद्धा माहीत होतं.

"पानी लोगे क्या?" मी सेक्रेटरीला विचारलं.

दुपारी ठेकेदाराच्या माणसांनी वायर उतरवली. पाण्याच्या टाकीपासून कोपऱ्यातल्या खांबापर्यंत पंचेचाळीस वर्षं ताणलेली, तिच्यावर किती पिढ्यांचे कावळे बसले असतील. त्यांनी वेटोळं करून दारात आणून टाकलं. चांगली जाड वायर, गंज नाही. मी त्यातली दोन वाव, बाल्कनीच्या लांबीएवढी, कापून तिथे बांधली. जुनी नायलॉनची दोरी लोंबायला लागली होती. आता यांचे शर्ट त्यावर वाळतात.

आठवड्याने कुरियन परत आला. आई गेली होती त्याची, दाढी वाढलेली. जिना चढून आला आणि पाणीसुद्धा न पिता लॅपटॉपसमोर बसला. बसल्या बसल्या म्हणाला, "घड्याळ कोणी बदललं?"

"मी," मी म्हणाले.

त्याने बटण सरकवलं. वेळ उडी मारून मागे आली. तो मोजत होता. "दहा मिनिटांनी काही बिघडत नाही भाभी. दहा मिनिटांत पंधरा-पंधरा सेकंद बरोबर बसतात. हाताने वेळ भरताना सात सेकंद इकडेतिकडे झाले, ते नडले." मग त्याला फोन आठवला. त्याने माझ्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं आणि हातातला कप खाली ठेवला. चहा अर्धा टाकून गेला.

दार लावून मी वळले. हे पाटीवर लिहीत होते. मोठं आणि सुटं.

मला आधीच माहीत होतं.

मी वाचलं. यांनी पुसलं आणि लिहिलं. फोन झाला त्या दिवशी टकटक लावली होती. ते जगाला अचूक वेळ सांगणारं स्टेशन असतं. त्यावर ताडून बघितलं.

पुसलं. फोनमधला कुरियन मला ऐकू येत होता. कुणी विचारलं, घड्याळ बरोबर आहे का, तर माणूस घड्याळाकडे बघतो. तू न बघता बरोबर म्हणालीस.

पुसलं. बघत होतो, किती दिवस गप्प बसतेस.

म्हणजे ते आठ दिवस, आठ दिवसांच्या त्या हजारो हाका, त्यांनी वेळ चुकलेली आहे हे माहीत असून घातल्या होत्या. एका बोटाचं काम त्यांनाही येत होतं. वायर वाचवायची का बायकोला पकडायचं, यात त्यांनी वायर सोडली. मी त्यांना बघत होते असं मला वाटत होतं. मी गवारीच्या शिरा काढत होते आणि ते माझ्या.

मला लाज वाटली नाही. मला राग आला. एवढी लबाडी या माणसात होती आणि इतकी वर्षं ती मला दिसली नव्हती.

तेव्हापासून वर्ष झालं. पाटीवर लागेल तेवढं लिहितात. पाणी दे. मीठ जास्त. पण दिवसभर खुर्चीत बसून माझ्याकडे बघतात. भाजी निवडताना, देवापुढे बसताना, फोनवर बोलताना. रागाने नाही. मालकाने कुलूप लावलेल्या कपाटाकडे बघावं तसं. मी काही म्हणायला गेले की हे मान वळवून बाल्कनीतल्या वायरीकडे बघतात. शर्ट हलत असतात. माझं तोंड बंद होतं. ती वायर गच्चीवर होती तेव्हा यांच्या कामाची होती, त्याहून आता जास्त कामाची आहे.

यंदाचं ऊन परवापासून सुरू झालं. आज सकाळी कुरियनचा फोन आला. वर्षभरात पहिल्यांदा. मी भिजवलेले पोहे निथळत होते, फोन स्पीकरवर टाकला.

"भाभी, सेक्रेटरीशी बोललो मी. गच्चीचं काम झालंय, आता टाकीच्या पाइपाला वायर बांधायला त्याची ना नाही. नवी वायर मी आणतो. सरांना काही करावं लागणार नाही. विचारा ना सरांना."

विचारायची गरज नव्हती, हे ऐकत होते. पाटी उचलली, लिहिलं आणि माझ्यासमोर धरली. नको. खाली रेघ मारली होती.

नको का, हे मला समजत होतं. वायर वर गेली, पडद्यावर अर्जेंटिना आला, की यांच्याजवळ माझ्याविरुद्ध काय उरणार? माणूस आवाजाशिवाय जगतो. पकडून ठेवलेलं असं काही हातातून सुटलं की तो रिकामा होतो. म्हातारपणी एवढी एकच वस्तू त्यांनी कमावली होती.

"हो म्हणतायत," मी फोनमध्ये म्हणाले.

हे खुर्चीतून अर्धे उठले. पाटी माझ्या नाकापर्यंत आणली. मी मान बाजूला केली.

"खरंच?" कुरियनचा आवाज एकदम सैल झाला. "मला वाटलं होतं, नाही म्हणतील. मागच्या वेळचं सगळं..."

"मागचं काही नाही. कधीची वाट बघतायत."

यांनी पाटी टाकली आणि तळहाताने टेबलावर मारायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, थांबेचनात. पोह्यांची चाळण उडायला लागली. गळ्यातून नुसती हवा येत होती, फडकं उडून पडलं.

"भाभी, तो आवाज कसला येतोय?"

"टाळ्या वाजवतायत," मी म्हणाले. "रविवारी सकाळीच या."